साच्याचा जोड

प्रवेश अर्जात शेवटून दुसरा रकाना होता, ‘कलाविषयक पार्श्वभूमी’. त्यापुढे दोन ओळींची जागा. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला त्या दोन ओळी पुरेनात, ती कागदाच्या मागच्या बाजूला गेली : शाळेतली बक्षिसं, कॅलिग्राफीचं सर्टिफिकेट, इन्स्टाग्रामवरचं खातं, मंडला. मी ‘इंटरमिजिएट, बी ग्रेड’ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मग ते फारच उघडंबोडकं दिसायला लागलं म्हणून पुढे जोडलं, ‘गणपतीच्या कारखान्यात घासकाम’.

काउंटरवरच्या मुलाने अर्ज वाचला. “घासकाम म्हणजे मॅडम, भांडी?”

वाशीचा हा शनिवार-रविवारचा वर्ग, वर्षभराचा पायाभूत अभ्यासक्रम. निम्मी मुलं अठराच्या आतबाहेरची, कला महाविद्यालयांच्या सीईटीची तयारी करणारी. बाकी आम्ही हौशे : महापेच्या आयटी कंपनीतला एक इंजिनिअर, एक निवृत्त शिक्षिका, आणि मी. मी ठाण्यात एका पतपेढीत नोकरी करते. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि शनिवार-रविवार एकदम मोकळे पडले. अशा मोकळ्या वेळात बायकांनी योगा करावा नाहीतर ट्रेकला जावं, असा आमच्या सोसायटीत सध्या रिवाज आहे. माझे गुडघे दोन्हीला राजी नव्हते.

त्या दोन ओळींत जे मावलं नाही ते इथे लिहिते.

इंटरमिजिएटचं आधी उरकून टाकू. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या बऱ्याच जणांच्या घरी कुठल्यातरी फाइलमध्ये एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट असतंच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन. यातलं स्मरणचित्र हे मोठं गमतीचं प्रकरण. आठवणीतून प्रसंग उभा करायचा, अशी त्यामागची कल्पना. आम्ही आठवण आधीच पाठ करून जायचो. क्लासच्या सरांनी तीन माणसं घोटून घेतली होती : कडेवर मूल घेतलेली पाठमोरी बाई, वाकून फळं लावणारा फळवाला, आणि सायकल धरून उभा असलेला माणूस. विषय ‘बाजार’ आला तर ही तिघं बाजारात. ‘रेल्वे स्टेशन’ आला तर प्लॅटफॉर्मवर. ‘पावसाळा’ आला की तिघांच्या हातात छत्र्या. सायकलवाल्याला एका हाताने सायकल आणि एका हाताने छत्री धरावी लागे, पण तो तक्रार करत नसे. आमच्या वर्गातली सीईटीवाली मुलं आजही स्मरणचित्राची तयारी करताना दिसतात. कडेवरचं मूल आता गेलंय, त्याच्या जागी पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला डिलिव्हरीवाला आलाय. बाकी पद्धत तीच.

आईची ठिपक्यांची रांगोळीही या हिशेबात धरायला हवी. दारापुढच्या फरशीवर पट्टी न लावता ती सरळ रेषेत ठिपके टाकत जायची आणि टाकताना शेजारणीशी बोलत असायची. माझ्याकडे त्यातलं बोलणं तेवढं आलं.

खरं जे काही शिकले ते ठाण्यातल्या चेंदणीला, काकांच्या गणपतीच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे बांबू, पत्रे, ताडपत्री आणि चारी बाजूंनी ट्यूबलाइटी. अक्षय्य तृतीया झाली की पेण तालुक्यातल्या हमरापूरहून कच्च्या मूर्ती टेम्पोने यायच्या, गवतात बसवलेल्या, पांढऱ्याफटक, हारीने मांडलेल्या. प्रवासात कुणाचं बोट गेलेलं, कुणाच्या कानाची पाळी, एखाद्याचा मोदक. आधी ही डागडुजी व्हायची. मग घासकाम.

प्लास्टरची मूर्ती साच्यातून निघते तेव्हा साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उठून येते. आम्ही तिला जोड म्हणायचो. कानामागून निघून खांद्यावरून दंडाच्या बाजूने ती खाली मांडीपर्यंत जाते. ती घालवायची. आधी पत्रीने खरवडायची, मग जाड पॉलिशपेपर, मग बारीक. बुडबुड्यांनी पडलेली भोकं प्लास्टरच्या पातळ लगद्याने बुजवायची आणि सुकल्यावर पुन्हा घासायची. हे काम बायकांचं आणि आम्हा पोरींचं. नाकाला ओढणी बांधलेली, भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि हातावरची कातडी अशी कोरडी की केसांना तेल लावताना केस बोटांत अडकायचे. दिवे गेले की पोरं बाहेर पळायची. आत्या मात्र अंधारात बसून हातातली मूर्ती पुरी करायची. तिचं म्हणणं, जोड डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळतो, मग दिवा कशाला हवा. ते खरंच होतं. नजरेने गुळगुळीत वाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला की कळायचं, अजून आहे.

पुढे पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगाचा रंग, मग दादा कॉम्प्रेसर लावून गनने शेड मारायचा : गळ्याच्या वळ्या, पोटाची घडी, सोंडेचं वळण. सोवळं, शेला. मग दागिने, तेही आमच्याकडे. मुकुटावरच्या सोनेरी कडा, हारातले लाल-हिरवे खडे, बाजूबंद. सर्वांत शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आणि आखणी फक्त काकांची.

शेवटी का, याची दोन कारणं सांगितली जायची. पाहुण्यांना सांगायचं कारण असं की डोळे उघडले म्हणजे देव आला, त्यानंतर त्याच्यासमोर घासाघीस बरी दिसत नाही. आपसातलं कारण असं की गनच्या रंगाचा एक कण जरी बुबुळावर बसला तरी सगळं पुसून पुन्हा करावं लागतं.

काका सकाळी अंघोळ करून, चहा घेऊन, कोणाशी न बोलता बसायचे. झिरो नंबरचा ब्रश, त्याचेही केस थोडे कातरून कमी केलेले. आधी डोळ्याचा पांढरा भरायचा. मग वरच्या पापणीची रेघ : नाकाकडून बारीक निघालेली, मध्यावर भरलेली, कानाकडे जाताना पुन्हा तुटेल इतकी बारीक. ती एका श्वासात. खरं म्हणजे श्वास नसतानाच. आत घेतलेला श्वास रेघ पुरी होईपर्यंत ते सोडायचे नाहीत, आणि बघणारे आम्हीही नकळत धरून ठेवायचो. मग तपकिरी, मग काळा, मग पांढऱ्याचा एक ठिपका. मंडळाची मूर्ती उंच असली तर बुबुळ किंचित खाली, कारण माणसं खालून बघणार. घरगुती मूर्तीला समोर.

आठवीत की नववीत असताना मी विचारलं होतं, मी एक डोळा काढून बघू का? काका म्हणाले, “तुझा हात चांगला आहे. दागिने कर.” ही शाबासकी होती आणि त्याच वाक्यात दरवाजाही लागला होता, हे कळायला पुष्कळ वर्षं गेली. काका वाईट नव्हते. कारखान्यात ज्याचं त्याचं काम ठरलेलं होतं, आणि कोणतं काम कोणाचं हे कधी कोणी बसून ठरवलं असेल असंही नाही. लग्न झालं, घोडबंदर रोडला राहायला आले, कारखाना सुटला.

तेव्हा वर्गात नाव घातलं ते कशासाठी, असं कोणी विचारलं असतं तर मी बाकी काही सांगितलं नसतं. मला डोळे काढायचे होते.

माझ्या लहानपणी ठाण्याहून वाशीला लोकल नव्हती. ट्रान्स हार्बर सुरू झाली २००४ साली. आता नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून गाडी पकडली की खाडी ओलांडून ऐरोली, रबाळे, घणसोली. गाडीतली माणसं काढा, असा आम्हाला पहिल्याच आठवड्यात गृहपाठ मिळाला. शनिवार सकाळची डब्यातली माणसं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असतात, त्यामुळे मॉडेल म्हणून आदर्श. पण रबाळ्याला सुरू केलेला माणूस कोपरखैरण्याला उतरून जातो. वहीत अशी बिनपायांची बरीच माणसं जमली आहेत.

वर्गात बसायला डाँकी असते. बसकं लांबट बाकडं, पुढे बोर्ड टेकवायला उभी फळी, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं. साडी नेसून बसता येत नाही, ही माझी पहिली नोंद. दुसरी नोंद अशी की मॅडम माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान आहेत आणि मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई. मुलांनी ‘काकू’वर सुरुवात केली होती, मॅडमचं ऐकून तीही ताईवर आली.

पहिले काही तास नुसत्या रेषा. त्याआधी उभं राहून खांद्यातून हात गोल फिरवायचे, श्वास मोजायचा. मुलं हसायची. मॅडमनी सांगितलं की पायाभूत अभ्यासक्रम या प्रकाराची सुरुवात जर्मनीतल्या वायमार गावच्या बाउहाउसमध्ये झाली. १९१९ साली ती शाळा निघाली आणि तिथला योहानेस इटेन हा शिक्षक वर्गाची सुरुवात श्वासाच्या आणि अंगाच्या हालचालींच्या व्यायामाने करत असे. मनगटातून काढलेली रेष आखूड होते, खांद्यातून काढलेली लांब जाते. मला मात्र वायमारपेक्षा चेंदणीच जवळ वाटली. आमच्याकडे श्वास सोडायला कोणी शिकवलं नव्हतं, धरायला शिकवलं होतं. त्यामुळे पानभर रेषा काढून झाल्या की मलाच जास्त दम लागलेला असे.

शेजारच्या डाँकीवरचा मुलगा आतापर्यंत सगळं टॅबवर काढत आलेला. एक रेष वाकडी गेली तेव्हा त्याने कागदावर दोन बोटांनी टकटक केलं. त्याच्या टॅबवर असं केलं की शेवटची रेष पुसली जाते. कागद आहे तसाच राहिला. तो स्वतःच हसला, पण पुढेही अधूनमधून त्याची बोटं तशी जातच होती. हाताला काय काय सवयी लागून राहिलेल्या असतात आणि त्या कुठे वर येतात, हे मला त्याच्याकडे बघून पटलं. माझी पाळी यायचीच होती.

एका शनिवारी मॅडमनी स्टँडवर प्लास्टरचा एक डोळा आणून ठेवला. मोठा, माझ्या ओंजळीत न मावणारा, भुवईपासून गालाच्या वरच्या भागापर्यंतचा तुकडा. इटलीतल्या मायकेलअँजेलोने घडवलेल्या ‘डेव्हिड’ या पुतळ्याचा. डेव्हिडचे डोळे, नाक, कान, ओठ असे सुटे तुकडे प्लास्टरमध्ये ओतलेले मिळतात आणि जगभरातली कलाविद्यालयं ते वापरतात. आपल्याकडे जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, तिथेही विलायती पद्धतीप्रमाणे प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करणं हा शिक्षणाचा मोठा भाग होता. रंग नाही, हलत नाही, चहा मागत नाही. फक्त आकार आणि उजेड.

मी डाँकी पुढे ओढून बघायला लागले आणि पहिली गोष्ट दिसली ती जोड. भुवईच्या बाहेरच्या टोकापासून खाली गालाकडे गेलेली, कोणीतरी अर्धवट खरवडून सोडून दिलेली. अंगठा आपोआप तिकडे गेला. वाईट काम. आत्याने हा तुकडा परत पाठवला असता.

मॅडम मागे उभ्या होत्या. “काय बघताय ताई?”

“जोड राहिलाय मॅडम. घासून देऊ का?”

“नको नको. आहे तो काढायचा. जोडासकट.”

मग आली पंचाईत. पेन्सिल कागदावर टेकवली आणि हाताने काकांचा डोळा काढला. बदामी, दोन्ही टोकांना निमुळता, वरची पापणी मध्यावर भरलेली. मी कधी एकही डोळा काढलेला नाही, पण इतक्या उन्हाळ्यांत तो बघितलेला की हात विचारायलाच थांबला नाही. समोर डेव्हिडचा डोळा आहे, त्याची वरची पापणी एखाद्या छज्जासारखी पुढे आलेली आहे, आतला कोपरा खोल आहे, आणि माझ्या कागदावर गणपती बसले आहेत. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्टँडवरचा तुकडा उचलला आणि उलटा करून ठेवला, भुवई खाली, गाल वर. म्हणाल्या, आता काढा.

उलटा डोळा डोळा राहात नाही. एक खड्डा, एक कंगोरा, एक उतार, असं काहीतरी उरतं. हाताकडे त्याचं ठरलेलं उत्तर नसतं, त्यामुळे त्याला माझ्याकडे बघावं लागतं आणि मला त्या तुकड्याकडे. मला पहिल्यांदा बुबुळ दिसलं ते तेव्हा. डेव्हिडच्या बुबुळाला रंग नाही, दगडच आहे सगळा. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात तो संगमरवरातून काढला, पाच मीटरहून उंच, आणि बाहुलीच्या जागी पत्त्यांतल्या बदामासारखा आकार आत कोरून ठेवला. त्या खोलगटात सावली साठते आणि लांबून बघणाऱ्याला ती काळी बाहुली वाटते. वरून उरलेला दगडाचा कोपरा उजेड धरतो, तो आपला पांढरा ठिपका. काकांनी जे दोन थेंबांत केलं ते या माणसाने एक खड्डा खणून केलं होतं. मी बराच वेळ काहीच न काढता बसून राहिले.

शेडिंगला सुरुवात केल्यावर मात्र एक वेगळीच गोष्ट झाली. पापणीच्या खालून गालाकडे जाणारा जो उतार आहे तो मला दिसण्याआधी कळत होता. कुठे पृष्ठभाग वळतो, कुठे वळता वळता थांबतो, कुठे नुसता सपाट वाटतो पण नाही. पेन्सिल आडवी धरून फिरवताना अंगठा फिरवल्यासारखंच वाटत होतं. मॅडमनी चित्र उचलून मुलांना दाखवलं तेव्हा आउटलाइनबद्दल त्या काही बोलल्या नाहीत (बोलण्यासारखं नव्हतंच), पण गालाच्या भागावर बोट ठेवून म्हणाल्या, हे बघा, इथे टोन किती हळू बदलतोय. मला एवढंच वाटलं की काउंटरवरच्या मुलाला बोलावून आणावं.

जोडही काढला. पेन्सिलीला तो काढताना जीवावर आलं होतं. ज्या रेघेला घालवण्यात हाताचं कातडं गेलं ती आता मन लावून उमटवायची, तिची एक बाजू उजेडात आणि दुसरी बारीक सावलीत. चित्रात तोच भाग सगळ्यांत खरा दिसतो, असं इंजिनिअर म्हणाला. तो मुंबईच्या ट्रॅफिकलाही छान म्हणतो, तेव्हा त्याचं किती धरायचं हा प्रश्न आहे.

प्लास्टरबद्दल जाता जाता. गणपतराव म्हात्रे यांनी जे.जे.मध्ये विद्यार्थी असताना, १८९६च्या सुमारास, ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. देवळाकडे निघालेली, नऊवारी नेसलेली मुलगी. मराठी शिल्पकलेचा विषय निघाला की तिचं नाव आजही पहिल्या काहींत घेतलं जातं, आणि तीही प्लास्टरची. आमच्या कारखान्यात आता प्लास्टर हा आरोपी आहे. मूर्तिविसर्जनाबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सुधारित सूचना आल्या, त्यावर न्यायालयात तारखा पडत राहिल्या, ठाण्यात विसर्जनाचे कृत्रिम तलाव आले. काकांच्या जागी आता बघणारा चुलतभाऊ अर्धा माल शाडूचा ठेवतो. खाडीकाठी वाढलेल्या माणसाने विसर्जनानंतरची खाडी बघितलेली असते, त्यामुळे प्लास्टरची बाजू मी घेणार नाही. पण कलाशाळेत तोच पांढरा दगड काचेच्या कपाटात बघितला की आपल्याकडच्या नात्यातल्या कोणाला तरी फर्स्टक्लासच्या डब्यात बघावं तसं वाटतं.

उजेडाचं प्रकरण मला जास्त जड गेलं. कारखान्यात चारी बाजूंनी ट्यूबलाइटी, त्यामुळे सावली म्हणजे दादाने गनने मारलेली. गळ्याच्या वळीत तपकिरी, पोटाच्या घडीत तपकिरी. दिवा कुठेही असो, मूर्ती हॉलमध्ये ठेवा की मांडवात, शेड जिथल्या तिथे. वर्गात मॅडम बाकीचे दिवे बंद करून एकच दिवा डावीकडे लावतात. वस्तूवरची सावली वेगळी, वस्तूची टेबलावर पडलेली सावली वेगळी, आणि त्या काळोखाच्या कडेला टेबलावरून परत आलेला पुसट उजेड आणखी वेगळा. दिवा हातभर सरकवला की सगळं बदलतं. सावली रंगवून कायमची करून टाकायची आणि ती सरकते हे मान्य करून तेवढ्यापुरती टिपायची, या दोन्ही गोष्टींना शेडिंगच म्हणतात. पण माणसं अगदी वेगळी लागतात. देवाला उजेड बदलला म्हणून बदलून चालत नाही, हे दादाचं बरोबरच आहे. त्याची मूर्ती कोणाच्या घरात कोणत्या खिडकीशी बसणार हे त्याला कुठे माहीत असतं.

रंगाच्या तासाला उलट झालं. एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवायचा आणि तो दोन रंगांचा वाटला पाहिजे, असा कागद कापून करायचा एक सराव आहे. योसेफ आल्बर्स हा बाउहाउसमधलाच पुढचा शिक्षक, नंतर अमेरिकेत गेला, त्याने हे सराव विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करून घेतले. मुलं राखाडी कागद काळ्यावर आणि पांढऱ्यावर ठेवून चकित होत होती. मी चकित झाले नाही. अंगाचा रंग एकाच बादलीतला असतो : पांढऱ्यात थोडा नारिंगी, थोडा पिवळा. पण हिरव्या शेल्याचा गणपती गुलाबी दिसतो आणि लाल शेल्याचा पिवळटलेला. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, “आम्हाला तो गोरा द्या.” आत्या शांतपणे म्हणायची, शेला बदलून देते, गोरा होईल. मी हे वर्गात सांगितलं. मॅडमनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

बाहेर जाऊन काढायचं पहिलं काम बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये झालं. नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्यांत चार्ल्स कोरिया होते. त्यांनीच १९८०च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत केली, सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे पुंजके. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, कारण पैसा येईल तसं ज्याने त्याने घर वाढवावं, वाढवताना शेजाऱ्याला विचारावं लागू नये. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की आज उतरत्या छपराची मूळ घरं शोधावी लागतात. तीन-तीन मजले, काळी काच, स्टीलचे कठडे, आणि मधेच एखादं जुनं कौलारू घर टेकड्यांकडे बघत बसलेलं.

आम्ही अंगणाच्या कडेला कट्ट्यावर बसलो. पर्स्पेक्टिव्हचा अभ्यास होता, रेषा कुठे मिळतात ते शोधायचं. मला सरळ समोरून, डावं-उजवं सारखं दिसेल असं घर हवं होतं. मखराची सवय. मॅडमनी उठवून कोपऱ्यात बसवलं, जिथून एकही गोष्ट सरळ दिसत नव्हती. तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई हात पुसत बाहेर आल्या.

“सिडकोकडून आलात का? सर्व्हे आहे?”

नाही, चित्रं काढतोय म्हटल्यावर चेहरा सैल झाला. माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी खालचे दोन मजले काढले होते, वरचा कागदात मावत नव्हता.

“वरचं नाही काढलं? अहो, वरचंच तर आत्ता बांधलंय. कर्ज काढून. ते काढा आधी.”

मी खाली आणखी एक कागद जोडला आणि वरचा मजला काढला, पाण्याच्या टाकीसकट. त्यांनी फोटो काढून घेतला आणि आम्हा सगळ्यांना कोकम सरबत मिळालं. चित्राचा हा माझा पहिला मोबदला. मॅडम म्हणाल्या, जोडलेल्या कागदाची रेघ दिसतेय ती राहू द्या.

मागच्या रविवारी चेंदणीला जाऊन आले. काकांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, आता कारखान्यात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सूचना देतात. त्यांना मोबाइलवर डेव्हिडच्या डोळ्याचा फोटो दाखवला, तुकडा कसा बसतो ते हाताने करून दाखवलं. बाहुलीच्या जागी खड्डा आहे, रंग नाही, हेही सांगितलं. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

“मूर्ती किती उंच?”

“सतरा फूट.”

“मग नजर खाली कशी नाही?”

डेव्हिड गल्याथकडे बघतोय, बाजूला, लांब, असं मी सांगितलं. कोण गल्याथ, हेही सांगावं लागलं : बायबलातला राक्षसासारखा योद्धा, डेव्हिडने गोफणीने मारलेला. काका विचार करत राहिले. मग म्हणाले, “दर्शनाला येणाऱ्यांकडे बघत नाही म्हणजे मंडळाचा नाही.” आणि फोटोतल्या त्या रेघेवर बोट ठेवून चुलतभावाला हाक मारली. “हे बघ, विलायतेत पण जोड ठेवतात. आणि तू मला सांगतोस घासायला वेळ नाही.”

चुलतभावाने माझ्याकडे बघितलं. आखणीला त्याने दोन मुलं ठेवली आहेत, दोघंही कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली, एकाच्या कानात सतत गाणी. त्यांच्या हातचे डोळे मी बघून आले. छान आहेत, काकांसारखे नाहीत, काकांनीही तसं काही म्हटलं नाही. मला वाटलं होतं की मी विचारेन, एक डोळा देशील का करायला. प्रश्न तोंडाशी आलाही होता.

“आखणीला हवी तेवढी पोरं मिळतात गं ताई,” तो म्हणाला, “घासायला कोणी येत नाही. शाडूला तर हलका हात लागतो, हे कानस घेऊन बसतात. शनिवार-रविवार येशील का? रोजंदारी देईन.”

शनिवार-रविवार वर्ग असतो म्हटलं. मग संध्याकाळी ये, म्हणाला, पतपेढी सुटल्यावर. सबमिशनच्या तारखा लागल्या की सांगते, असं म्हणून निघाले. यंदा गणपती आणि सबमिशन एकमेकांच्या अंगावर आलेत.